दीड थेंबाचं गणित

मिनिटाला ६५० फेरे. सिग्नलला नुसती घरघरत उभी असलेली मोटारसायकलसुद्धा याच्या दुप्पट वेगाने फिरत असते. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सली गावात आर. ए. लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास एक सिलिंडरचं जे डिझेल इंजिन काढलं, त्याच्या ‘६/१’ या प्रकाराचा मात्र हाच पुरा वेग. सहा अश्वशक्ती, एक सिलिंडर, म्हणून ६/१. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची धाव साडेपाच इंच, म्हणजे पोटात जेमतेम १.४३ लिटर जागा. आजच्या मोटारीत एवढ्याच आकारमानाचं डिझेल इंजिन शंभराच्या आसपास अश्वशक्ती देतं. लिस्टर सहाच देतं, पण ती सहा पिढ्यान् पिढ्या देत राहतं. या संथपणाच्या पोटात केवढाले आकडे दडलेत, ते मांडून पाहिले की भंगारातल्या त्या लोखंडाकडे बघायची नजरच बदलते.

‘घरची वीज घरी’ ही कल्पना या इंजिनाला पहिल्यापासून चिकटलेली आहे. लिस्टरचा ‘स्टार्ट-ओ-मॅटिक’ नावाचा वीजसंच होता. घरात पहिला दिवा लावला की लांबच्या खोपटातलं इंजिन बॅटरीच्या जोरावर आपोआप सुरू व्हायचं आणि शेवटचा दिवा मालवला की थांबायचं. गावात तारा पोचल्या नव्हत्या तेव्हा इंग्लंडमधली कितीतरी शेतघरं अशीच उजळत.

आपल्याकडेही ही जात अनोळखी नाही. विहिरीवर, गुऱ्हाळात, पिठाच्या गिरणीत तिची पुकपुक ऐकत महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. साताऱ्यात धनजीशहा कूपरांच्या कारखान्यात स्वातंत्र्याआधीच डिझेल इंजिनं बनत होती. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली. आणि राजकोटच्या कारखान्यांनी लिस्टरचा तोच नमुना उचलून इतकी वर्षं घडवला, की पुढे अमेरिका-ऑस्ट्रेलियातली हौशी माणसं आपल्या आडरानातल्या घरांसाठी राजकोटची इंजिनं मागवू लागली. विहिरीवर विजेची मोटर बसली आणि आपल्या शेतातली इंजिनं गोठ्याच्या मागे गेली. तिथून ती किलोच्या भावाने भंगारात जातात. प्रत्येकी तीनशे किलोंच्या पुढचं ओतीव लोखंड.

आता एका स्फोटाकडे जवळून पाहू. चार धावांचं इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा ते पेटतं. मिनिटाला ३२५ वेळा, तासाला १९,५०० वेळा. पूर्ण भारावर तासाला साधारण दीड लिटर तेल लागतं. भागाकार केला तर एका स्फोटाच्या वाट्याला येतं ०.०७७ मिलिलिटर, म्हणजे सुमारे दीड थेंब. औषधाच्या ड्रॉपरने मोजतो तसला थेंब. हा दीड थेंब नोझलमधून आत जायला जो वेळ मिळतो, तो सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग. तेवढ्यात त्याचा धुरळा व्हायला हवा, हवेत मिसळायला हवा आणि ठिणगीशिवाय पेटायला हवा. ठिणगी नाहीच, पिस्टनने हवा सतराएक पट दाबलेली असते, आणि त्या दाबानेच ती पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे तापते.

त्या दीड थेंबात रेणू किती? हे इंजिन डिझेलऐवजी खाद्यतेलावरही चालतं; ते तेल धरलं तर सुमारे ४६ वर १८ शून्यं. नुसता आकडा लिहून काही उमगत नाही, म्हणून असं बघा: पृथ्वीवरची आठ अब्ज माणसं, तान्ही मुलं धरून, हे रेणू सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस, न झोपता मोजायला बसली, तर एका स्फोटातलं तेल मोजून संपायला १८० वर्षं लागतील. इंजिन ते काम एका लुकलुकीत उरकतं आणि सेकंदाच्या पाचव्या भागानंतर पुढच्या खेपेला तयार असतं. शिवाय तेलाच्या एकेका रेणूला पुरतं जळायला ऑक्सिजनचे ८० रेणू लागतात. म्हणून इंजिनाची खरी भूक तेलाची नसून हवेची असते. दर दोन फेऱ्यांना १.४३ लिटर हवा या हिशेबाने तासाला अठ्ठावीस हजार लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. म्हणजे एका खोपटातलं एक इंजिन साठेक माणसांइतका श्वास घेतं. ज्यांनी इंजिन बंद खोलीत बसवलं आणि धुराडं बाहेर काढलं नाही, त्यांच्या जिवावर बेतलं ते उगाच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

पिस्टनचा प्रवास हा माझ्या आवडीचा हिशेब आहे. एका फेऱ्यात पिस्टन साडेपाच इंच खाली आणि साडेपाच इंच वर जातो. मिनिटाला १८१ मीटर, तासाला जवळजवळ अकरा किलोमीटर. दुडक्या चालीने धावणाऱ्या माणसाचा वेग. रोज संध्याकाळी पाच तास इंजिन चालवलं तर वर्षाला वीस हजार किलोमीटर होतात. दोन वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तिथवर पोचायला ३५ हजार तास, म्हणजे एकोणीस वर्षं आणि वर थोडे महिने. एवढ्या वाटेत सुमारे ६९ कोटी स्फोट झालेले असतात. दर वेळी आतला दाब वातावरणाच्या पन्नास पट धरला, तर पिस्टनच्या १०२ चौरस सेंटिमीटर माथ्यावर पाच टनांचा रेटा येतो. सावकाश चालवलेल्या, वेळेवर तेल बदललेल्या जुन्या इंजिनांनी हा पल्ला गाठलेला आहे. मधे रिंगा बदलल्या असतील, व्हॉल्व्ह बसवले असतील, पण क्रँक आणि सांगाडा तोच.

दर स्फोटाला पाच टन पेलणारा हाच पिस्टन भंगारातल्या इंजिनात जाम झालेला दिसला की नवशिका फिटर घण उचलतो. तिथे थांबवावं लागतं. दाब सगळ्या माथ्यावर सारखा पसरतो. घण एका कडेवर बसतो आणि कड फुटते. वर्षानुवर्षं पावसात पडलेल्या इंजिनात लायनर आणि रिंगा यांच्या मधे गंज फुगलेला असतो. हेड उतरवून वरून रॉकेल आणि पातळ तेलाचं मिश्रण भरायचं आणि वाट बघायची. मग फ्लायव्हील धरून दोन्ही बाजूंना हलके झोके द्यायचे. एखाद्या दिवशी चाक बोटभर सरकतं. तो क्षण ज्याने अनुभवलाय त्याला पुढच्या कामाचा कंटाळा येत नाही. पुढे ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून बसवणं, बिग-एंडचे बेअरिंग तपासणं, तेलाचे मार्ग मोकळे करणं, थंडाव्याच्या पाण्याच्या पोकळीतला क्षार खरवडून काढणं. राजकोटच्या ओतकामातल्या इंजिनात क्रँककेसच्या कोपऱ्यात साच्याची वाळू सापडल्याच्या कथा परदेशी हौशी माणसं सांगतात. ती धुऊन काढल्याशिवाय हँडल मारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे इंधनपंप. एवढ्या ढोबळ, ओबडधोबड दिसणाऱ्या यंत्रात पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या विसाव्या-तिसाव्या भागाइतकी जागा, आणि त्यातून शंभरावर वातावरणांच्या दाबाने तेल ढकलायचं. तळणीचं वापरलेलं तेल जाळायचं म्हटलं की सगळा झगडा या फटीशी असतो.

खाद्यतेलावर इंजिन चालवणं हा नंतर सुचलेला जुगाड नव्हे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेलं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं, असं स्वतः रुडॉल्फ डिझेलनेच पुढे नोंदवलं. अडचण उष्णतेची नाही. लिटरभर खाद्यतेलात साडेनऊ युनिटांच्या आसपास उष्णता असते, डिझेलमध्ये दहा. अडचण दाटपणाची. ४० अंशांना खाद्यतेल डिझेलच्या दसपट दाट असतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. नोझल हेडमधून काढायचं, पंपाच्या नळीला उघड्यावर जोडायचं आणि पंप हाताने दाबायचा. डिझेल असेल तर कुर्रर्र असा आवाज होऊन धुक्याचा एक बारीक पंखा उमटतो. थंड तळणीचं तेल असेल तर पिचकारीसारखी धार निघते. ही धार सिलिंडरमध्ये गेली की अर्धीमुर्धी जळते, नोझलच्या तोंडावर काजळीचा कोंब धरते, रिंगा चिकटतात, आणि खाली उतरलेलं तेल क्रँककेसमधल्या वंगणात मिसळून त्याचा लपका होतो. तेच तेल ऐंशी अंशांच्या वर तापवून पुन्हा पंप दाबा. धार फुटते, धुकं उमटतं. हे बघताना हात मात्र नोझलसमोर कधीही धरायचा नाही. तो फवारा कातडीत शिरतो, आणि वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसणारी ती जखम आतून हात घालवू शकते.

म्हणून टाक्या दोन. सुरुवात डिझेलवर, थंडाव्याचं पाणी चांगलं तापलं की तेलाची तोटी उघडायची, बंद करण्याआधी पुन्हा काही मिनिटं डिझेल, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये दाट तेल थिजून राहत नाही. त्याआधी तेल निवळत ठेवायचं, भज्यांचा चुरा आणि पाणी तळाला बसू द्यायचं, वरचं नितळ काढून तापवायचं आणि पाच मायक्रॉनच्या गाळणीतून सोडायचं. घाई करणाऱ्याचा पंप जातो, आणि पंपाची किंमत वाचवलेल्या तेलाहून जास्त असते.

हँडल मारण्याआधी फ्लायव्हीलबद्दल. दोन चाकांचं मिळून दीडशे किलो वजन धरलं, तर पूर्ण वेगात त्यांत सुमारे २२ हजार ज्यूल साठलेले असतात. साठ किलोच्या माणसाला बारा मजले वर नेऊन ठेवण्याइतके. चाकाची कड ताशी सत्तरच्या पुढे धावत असते. सैल सदरा, ओढणी, गळ्यातला पंचा, यांपैकी काहीही त्या खोपटात नको. पण हाच साठा नसता तर वीजही नसती. दोन स्फोटांमधला वेळ ०.१८ सेकंद, आणि आपली वीज तेवढ्या अवधीत नऊ वेळा पुढे-मागे होते. पट्ट्यावरचं जनित्र १५०० फेऱ्यांनी फिरवून ५० हर्ट्झ काढायचे असतात. एका स्फोटाने नऊ आवर्तनं ओढायची ती या चाकांच्या जोरावर. तरी जुना पिवळा दिवा किंचित लुकलुकतोच, सेकंदाला पाचदा.

आणि एक अट, जिला सवलत नाही: इंजिनाची वीज आणि महावितरणची तार कधीही एकत्र जोडायची नाही. मधे चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर घरातून उलटी गेलेली वीज रोहित्रातून हजारो व्होल्टांची होऊन, लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत पोचते.

आता मिळतं किती? आउग्सबुर्गला १८९७ साली प्राध्यापक श्रोएटरने डिझेलच्या इंजिनाची चाचणी घेतली, तेव्हा उष्णतेतला २६.२ टक्के भाग कामाला आला आणि तो त्या वेळी थक्क करणारा आकडा ठरला. ते इंजिन साडेचार टनांचं होतं. लिस्टर पूर्ण भारावर त्याच्या थोडं पुढेच जातं. जनित्रातली आणि पट्ट्यातली गळती वजा केली की एक लिटर वापरलेल्या तेलातून साधारण दोन युनिटं हाती लागतात. दोन युनिटं म्हणजे काय, हे वीजबिलावरून कळत नाही. जनित्र सोडून इंजिन थेट पंपाला जोडलं, पंपात निम्मी शक्ती वाया गेली असं धरलं, तरी पन्नास फूट खोल विहिरीतून लिटरभर तेल तीस हजार लिटर पाणी वर आणतं. दीडशे लिटरांची मोट धरली तर दोनशे मोटा. बैलांची पहाट, धावेवरचं मागे-पुढे, मोटकऱ्याचा घसा, हे सगळं तळून काळ्या झालेल्या तेलाच्या एका बाटलीत.

वाया जाणारी उष्णताही सोडून देण्यासारखी नाही. वीज काढून झाल्यावर तेलातला तीन चतुर्थांश भाग धुरातून, पाण्यातून आणि तापलेल्या लोखंडातून जातो. लिस्टरच्या थंडाव्याला पंप लागत नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार पाणी खाली उतरतं. पूर्ण भारावर एका तासात त्या पाण्यातून सुमारे चार युनिटं उष्णता मिळते, म्हणजे ऐंशीएक लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ला. आंघोळीचं पाणी तापवायला विजेचा गीझर लावणाऱ्या घराने हा आकडा दोनदा वाचावा. इंजिनाची वीज गीझरला देणं हा शुद्ध अपव्यय. इंजिनाचं पाणीच बादलीत घ्यावं.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, की देशभरचं तळणीचं तेल गोळा केलं तर वीजप्रश्नच मिटेल. इथे आकडे उलटे फिरतात, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. तळून तळून तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते अन्नासाठी वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. असं तेल रस्त्यावरच्या कढईत परत जाऊ नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते गोळा करून बायोडिझेल बनवण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा २०२२पर्यंत वर्षाला २२० कोटी लिटर मिळू शकेल असा अंदाज मांडला होता. ते सगळंच्या सगळं आपल्या पुकपुक्या इंजिनांत जाळलं तर ४४० कोटी युनिटं. आकडा डोळे दिपवतो. भारत वर्षाला १७०० अब्जांच्या वर युनिटं तयार करतो; दिवसाला साडेचार अब्जांहून जास्त. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या कढया मिळून देशाचा एक दिवससुद्धा निघत नाही. आपली विजेची भूक केवढी राक्षसी आहे, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा या भागाकाराने जास्त समजलं.

गॅरेजमधल्या काळ्या इंजिन ऑइलचं मात्र वेगळं. इंजिन तेही जाळतं, आणि फुकट मिळतं म्हणून मोहही होतो. पण त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि जस्तासारख्या पूरकांचे अंश असतात. ते जळून संपत नाहीत, धुरातून अंगणात, भाजीवर आणि पोरांच्या छातीत उतरतात. २०१६च्या नियमांनुसार हे तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि त्याची जागा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात आहे. एक लिटर काळं तेल दहा लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं. ते गटारात ओतणं गुन्हा आहे, पण घरामागे जाळणं हा त्यावरचा इलाज नव्हे. घरच्या इंजिनासाठी तळणीचं तेलच घ्यावं.

मग एका घरापुरतं याचं मोल काय? छपरावर एक किलोवॉटचं सौर पॅनेल असेल तर आपल्या उन्हात ते दिवसाला चारेक युनिटं देतं, आवाज न करता. आठ महिने इंजिनाने त्याच्याशी स्पर्धा करायचं काही कारण नाही. प्रश्न उरतो कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या त्या चार महिन्यांचा, जेव्हा ढग हटत नाहीत, झाड पडून तार तुटते आणि दोन-दोन दिवस अंधार असतो. जून ते सप्टेंबर साधारण १२० दिवस, रोज संध्याकाळी दोन तास, दीड किलोवॉटचा भार: दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याची छोटी मोटर आणि बॅटरीची भरती. रोजची तीन युनिटं, एकूण ३६०. लिटराला दोन युनिटं या हिशेबाने त्याला तेल लागेल १८० लिटर. बाजारात मिळणारं निळं पिंप २०० लिटरचं असतं. उरलेल्या वीस लिटरांत गाळ आणि तळाचं पाणी बसेल. जवळच्या वडापाववाल्याशी आणि फरसाणवाल्याशी उन्हाळ्यातच बोलून ठेवावं, कारण हे तेल निवळायला आणि गाळायला मे महिना लागतो. भार कमी असल्यामुळे स्फोटामागे दीडऐवजी पाऊण थेंबच खर्च होईल, आणि त्या एका पिंपातून पावसाळाभर ४६ लाख ८० हजार स्फोट निघतील.